वाळलं का बघू!

बिघडलेल्या वस्तूंच्या अंगी एक किमान प्रामाणिकपणा असतो. दूध नासलं की फाटतं. बल्ब गेला की अंधार होतो. मिक्सर जळाला तर वास शेजारी जातो आणि शेजारी चौकशीला येतात. सिलिकॉन सीलंटची ट्यूब मात्र खराब असली तरी तशीच दिसते आणि चांगली असली तरी तशीच. फटीत भरल्यावर ती चोवीस तास काही म्हणजे काही सांगत नाही. चोवीस तास गप्प बसणारी वस्तू घरात आणणं हेच आमच्याकडे धाडसाचं काम, कारण इतका वेळ कशाबद्दलही मत न देण्याची सवय घरात कोणालाच नाही.

आम्ही डोंबिवलीत राहतो. हॉलची खिडकी नैर्ऋत्येला आहे. ‘समुद्रावरचं वारं थेट घरात येईल’ असं सांगून बिल्डरने तिचे वेगळे पैसे घेतले होते, आणि माणूस शब्दाला जागला. वारं थेट येतं. जूनपासून ते येताना पाऊसही घेऊन येतं. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पाणी आधी झिरपतं, मग ओघळतं आणि सोफ्याच्या मागे जाऊन मुक्काम करतं. पूर्वी अशा फटीत पांढरं सिमेंट थापत, नाहीतर जुना टॉवेल कोंबत. टॉवेल ही माझ्या मते आजही सर्वांत भरवशाची वस्तू. तो खराब आहे का, हा प्रश्नच येत नाही. खराब झाला म्हणून तर तो तिथे गेलेला असतो.

पण मेव्हणा आला होता. “टॉवेल काय कोंबताय भाऊजी? सिलिकॉन मारा, विषय संपला.” मेव्हण्याच्या आयुष्यातले सगळे विषय असेच संपतात, कारण मारायला दरवेळी दुसरं कोणीतरी असतं.

मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

“सिलिकॉन द्या.”

“कुठलं?”

“चांगलं.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. विकताना तो मालाकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघतो. त्या एका नजरेत मी आजवर किती खिळे वाकवले असतील याचा त्याने हिशेब करून टाकला.

“अ‍ॅसिटिक की न्यूट्रल? ट्रान्सपरंट, व्हाइट, ब्लॅक?”

“खिडकीला हवंय.”

“मग हे घ्या. सगळे हेच नेतात.”

सगळे हेच नेतात म्हटल्यावर मराठी माणूस पुढे काही विचारत नाही. पावती तेवढी मागितली, तर तो म्हणाला, “साहेब, आपण काय कुठे पळून चाललोय?” २८० मिलिलिटरची ती नळकांड्यासारखी ट्यूब आणि तिला मागून रेटणारी लोखंडी गन घेऊन मी घरी आलो. गन हातात असली की माणसाची चाल बदलते. लिफ्टमध्ये भेटलेल्या सेक्रेटरींनीसुद्धा मला आधी जाऊ दिलं.

पहिला निकाल आईने दिला, तोही ट्यूब न बघता. मी तोंड कापून चाप ओढला मात्र, आतून आवाज आला, “काय आंबलंय रे?”

आता अ‍ॅसिटिक प्रकारचं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. व्हिनेगरमध्ये असतं तेच. तो आंबूस वास येणं ही ट्यूब जिवंत असल्याची खूण आहे. हे मी आईला समजावून सांगितलं. आईने आयुष्यभर वास घेऊन दूध, दही, मासळी आणि प्रसंगी पाहुण्यांनी आणलेली मिठाई यांचे निकाल लावले आहेत. तिने ट्यूब नाकाशी धरली, दूर केली आणि माझ्या हातात दिली.

“नासलीय. आत्ताच्या आत्ता परत करून ये. उद्या घेणार नाही तो.”

“आई, याला असाच वास येतो.”

“तुला सर्दी आहे.”

दुसऱ्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. वास जिन्याने खाली गेला आणि त्याच जिन्याने काका वर आले. त्यांचं मत आईच्या बरोबर उलट. “अरे, वास येतोय म्हणजे ओरिजिनल आहे. वास आला नाही तर समजायचं डुप्लिकेट.” न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनला असा वास नसतो, आणि तरी ते महाग असतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण निवृत्त माणसाला काही सांगायचं म्हणजे आधी चहा टाकावा लागतो, आणि माझ्या हातात गन होती. हेही त्यांच्या कानावर घालायचं राहिलं की अ‍ॅसिटिक सिलिकॉन काच आणि टाइल्सवर छान बसतं, पण सिमेंट आणि संगमरवराशी त्याचं पटत नाही, आणि आरशाच्या मागच्या बाजूला लावलं तर आरशाचा पारा खातं. आमच्या खिडकीला एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटची भिंत. म्हणजे ट्यूबला सासरी पाठवण्याआधीच एका बाजूचं मन कलुषित होतं.

गन चालवणं सोपं आहे असं फक्त ती न चालवलेले लोक म्हणतात. ट्यूबवर बसवायचं निमुळतं तोंड पंचेचाळीस अंशांत कापायचं. बरेच जण तेवढंच कापतात आणि चाप ओढत बसतात, कारण त्या तोंडाखाली ट्यूबला स्वतःची एक वेगळी बंद चोच असते, हे कोणी सांगत नाही. ती कापली नाही तर माल पुढे यायला जागाच राहत नाही, आणि दाबलेला माल काही आपल्या सोयीसाठी थांबत नाही. तो मागच्या बुचाच्या कडेने तुमच्या मनगटावर येतो. ही चोच मी व्यवस्थित कापली होती. तरी थोडा माल मागून आलाच. दट्ट्या तिरका बसला की असं होतं, बूच सैल असलं तरी असं होतं. पहिल्यात दोष गनचा किंवा माझा, दुसऱ्यात ट्यूबचा. बायकोला हा फरक मान्य नव्हता.

“मागून येतंय म्हणजे तुम्ही उलटी बसवलीत.”

“उलटी बसतच नाही ती.”

“तुम्ही बसवाल.”

पुढून मात्र माल सुरळीत येत होता. इतका सुरळीत, की चाप सोडल्यावरही येत राहिला. गनच्या पाठीमागची पट्टी दाबून दट्ट्या सैल करावा लागतो, हे समजेपर्यंत खिडकीखालच्या सोफ्यावर एक सुबक वेलांटी उमटली होती. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फटीवरून फिरवायचं, म्हणजे माल आत बसतो आणि वरून गुळगुळीत होतो. तेही केलं. काम इतकं देखणं झालं की मी तिथेच उभा राहून बघत बसलो. भिंतीकडे असा बघत उभा राहिलेला माणूस दिसला की घरचे गोळा होतात.

“झालं?”

“झालं. आता कोणी हात लावायचा नाही.”

या देशात ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली की ती वाचता वाचता माणसाचा हात आपोआप पुढे जातो. रंग ओला आहे हे वाचून न पटल्याने बोट लावून खात्री करून घेणारे आम्ही. सिलिकॉनवर दहा ते वीस मिनिटांत वरून पातळ साय धरते. तेवढ्यात कोणी बोट लावलं की साय फाटते, खालचा ओला माल बोटाला येतो, आणि बोटवाला जाहीर करतो, “वाळलं नाही अजून.” साय पुन्हा धरू लागते. मग पुढचा येतो.

पहिलं बोट मुलाचं. “बाबा, चिकट आहे.” दुसरं बायकोचं. तिने बोट लावलं नाही असं तिचं म्हणणं होतं, पण ठशात हिरव्या मिरचीचं बी सापडलं. काका पुन्हा आले, ते खास वाळलं का बघायला. त्यांनी बोट न लावता नख लावलं, कारण ते तांत्रिक माणूस. घरकामाच्या मावशींनी फडक्याने पुसून पाहिलं. खिडकीला काहीतरी चिकटलंय असं त्यांना वाटलं. कुरिअरवाला सही घ्यायला आत आला, त्याने विचारलं, “साहेब, लीकेज का?” आणि विचारता विचारता अंगठा टेकवला. त्याच्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट आला की त्या दिवशीच्या सहीची गरज नव्हती. आईने मात्र बोट लावलं नाही. तिने काडेपेटीतली काडी टोचून पाहिली, जसं केक झाला का बघतात.

“कच्चं आहे,” ती म्हणाली. “आणि पावसाळ्यात काही वाळतं का? चादरी वाळत नाहीत.”

इथेच सिलिकॉनचा खरा विनोद आहे. ते वाळतं ते हवेतल्या दमटपणामुळे. हवेतली वाफ त्याच्या अंगात शिरते, आतल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्याचं रबर होतं. कोरड्या हवेत ते रेंगाळतं. म्हणजे ज्या दिवसांत आमच्याकडे पापड, पायमोजे आणि मुलाचा गणवेश यांपैकी काहीही वाळत नाही, त्याच दिवसांत हे सर्वांत जोरात वाळायला हवं. पाणी अडवण्यासाठी ठेवलेला हा पहारेकरी पाणी प्यायल्याशिवाय कामावरच येत नाही. हे आईला पटवायचा मी प्रयत्न केला. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिकॉन वरून बरं आणि आतून लापशी होतं. ट्यूब खराब आहे, यावर घरात प्रथमच एकमत झालं. काकांनी मोडता घातला.

“जाडी किती भरलीय?”

“अंगठ्याएवढी असेल.”

“दिवसाला दोन ते तीन मिलिमीटर आत वाळत जातं ते. वरून आत. आणि जसजसं आत जाईल तसतसं सावकाश. तू वीस मिलिमीटर भरलंस. कर हिशेब.” एवढी खोल फट असली की आधी आत फोमची दोरी कोंबायची आणि वर पातळ थर द्यायचा, असंही त्यांनी सांगितलं. हे ते आदल्या दिवशीही सांगू शकले असते. पण निवृत्त इंजिनिअर सल्ला देतात तो काम झाल्यावर. आधी दिला तर तो ऐकला जाण्याचा धोका असतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून सिलिकॉनविषयी वाचत बसलो. वाचून मनाला मोठा आधार मिळाला. या पदार्थाला सिलिकॉन हे नाव देणारे फ्रेडरिक किपिंग हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ नॉटिंगहॅममध्ये अनेक दशकं याच्या मागे होते. त्यांना सुबक स्फटिक हवे होते, आणि भांड्यात तयार व्हायचा चिकट गोळा. शेवटी १९३६ साली एका मोठ्या व्याख्यानात त्यांनी या क्षेत्रातून नजीकच्या काळात काही विशेष निघेल अशी आशा दिसत नाही, असं सांगून टाकलं. म्हणजे इतक्या वर्षांनंतर त्यांचाही निष्कर्ष आमच्या आईचाच होता. पुढे १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा तिथल्या धुळीत ठसा उमटला तो सिलिकॉन रबराच्या तळव्याचा. चंद्रावर तो ठसा उमटला आणि टिकला, याचं कारण तिथे वाळलं का बघायला काका नव्हते.

ट्यूब खरोखर खराब आहे का, हे तपासायची रीत अगदी साधी आहे. फटीत भरायच्या आधी एखाद्या टाकाऊ काचेवर किंवा कागदावर बोटभर लांबीची बारीक रेघ ओढायची. अर्ध्या तासात साय धरली, दुसऱ्या दिवशी रेघ रबरासारखी ताणली गेली, तर ट्यूब उत्तम. दिवसभराने चिकटच राहिली, तर ट्यूब म्हातारी. या ट्यूबचं आयुष्य साधारण वर्षभराचं, तेही थंड जागी ठेवली तर. पत्र्याच्या गाळ्यात उन्हाळा काढलेली ट्यूब त्याआधीच दम सोडू शकते. आत गुठळ्या लागल्या तरी कुठूनतरी हवा शिरलेली असते. पुढचं तोंड गोठलेलं असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही; ते नुसतं बूच असतं, स्क्रू फिरवून ओढलं की मागे ताजा माल.

मी रेघ ओढली. टाकाऊ काच घरात मिळेना, म्हणून एका बशीवर ओढली. बशी फ्रिजवर, सर्वांच्या हाताबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर रेघ टणटणीत. ताणली, सोडली, पुन्हा जागच्या जागी. बशीपासून सुटेना. मी बशी हातात धरून आनंदाने बायकोला दाखवायला गेलो.

“बघ, चांगली आहे!”

“बशी माझ्या माहेरची आहे.”

त्यानंतर ट्यूबचा विषय काही काळ मागे पडला.

खिडकीतलं सिलिकॉन अजून सिमेंटच्या बाजूने सुटत होतं, म्हणून मी ट्यूब घेऊन दुकानात गेलो. बशी नेली नाही; न्यायला मिळाली नाही. दुकानदाराने ट्यूब हातात न घेताच चौकशी सुरू केली. जागा कोरडी होती का? जुना माल खरवडला होता का? सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही, माहीत आहे ना? धूळ पुसली होती का? कापड ओलं होतं की सुकं? लग्नाआधी मुलीच्या वडिलांनी मला इतके प्रश्न विचारले नव्हते.

“ट्यूब जुनी आहे तुमची,” मी मुद्द्यावर आलो. “तारीख बघा.”

“बघा ना. छापलेली असते.”

तारीख छापलेली होती. ती ट्यूबच्या मागच्या कडेला होती, जिथून माल बाहेर आला होता. आम्ही दोघांनी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. महिना दिसला: ऑगस्ट. वर्षाच्या आकड्यांवर सिलिकॉनचा एक जाड थेंब पडून वाळला होता. मी नखाने खरवडला. निघेना. किल्लीने खरवडला. निघेना. दुकानदाराने पटाशीची धार लावून पाहिली, तर थेंबाबरोबर आकड्यांची शाईसुद्धा निघून आली. थेंब त्याने चिमटीत धरून ताणला आणि माझ्या डोळ्यांसमोर नाचवला.

“माल एकदम ओके आहे साहेब. बघा, कसा पकडतोय!”

गर्दी जमली होती. खिळे घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी तो थेंब दाबून पाहिला आणि मान डोलावली. दुसऱ्याने विचारलं, “हे कुठलं? मलाही एक द्या.”

शेवटी स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने सिलिकॉनकडे पाहिलं नाही, ट्यूबकडे पाहिलं नाही, बशीकडेही नाही. त्याने गुडघे टेकून खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बोट लावलं. स्लायडिंगच्या पट्टीला बाहेरून छोटी भोकं असतात. आत साचलेलं पाणी त्यांतून बाहेर जावं म्हणून. आमच्या मागच्या रंगाऱ्याने ती पुट्टी भरून नीट गुळगुळीत केली होती आणि वर ऑइलपेंटचा हात मारला होता. पट्टीत साचलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ते चौकटीच्या कोपऱ्यातून हॉलमध्ये येत होतं. स्लायडिंगवाल्याने स्क्रू ड्रायव्हर घालून भोकं मोकळी केली आणि उठता उठता सिलिकॉनवर अंगठा दाबला.

“हे कोणी मारलं?”

मी मेव्हण्याचं नाव सांगितलं.

ट्यूब उरली अर्धी. आता ती चांगली की खराब, हे ठरलं नसल्याने टाकवेना, आणि त्याच कारणाने वापरवेना. आमच्याकडे अशा वस्तूंसाठी माळा असतो. तोंडात एक लांब खिळा खुपसून, वर दोरा गुंडाळून ट्यूब माळ्यावर गेली. सोसायटीत मात्र तोवर ‘यांच्याकडे सिलिकॉन असतं’ अशी कीर्ती पसरली होती. गणपतीच्या आधी सेक्रेटरी आले आणि सोसायटीच्या ऑफिसच्या खिडकीसाठी ट्यूब मागितली. मी इतक्या तत्परतेने दिली की त्यांना संशय यायला हवा होता. गनही दिली.

दोन दिवसांनी ते दारात उभे.

“अहो, तुमची ट्यूब खराब आहे.”

“वाळत नाही ना?” मी सहानुभूतीने विचारलं.

“वाळत नाही? खिडकी उघडेना झालीय! दोघांनी ओढली, हँडल हातात आलं. आत नोटिसबोर्डाची किल्ली राहिलीय.”

मी चष्मा कपाळावर चढवला, ट्यूब हातात न घेता त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, “तोंड कसं कापलं होतंत? पंचेचाळीस अंशांत?”